खिसा नसलेल्या शर्टाचं समाजशास्त्र

वर्गातला केर मी वर्तमानपत्रात बांधत होतो, तेवढ्यात समाजशास्त्राच्या सुलग्ना मिस दारात येऊन उभ्या राहिल्या.

टीचर्स डेचा कार्यक्रम संपला होता. अकरावी ह्यूमॅनिटीजचा वर्ग साफ करायचं काम आमच्या रांगेकडे आलं होतं. मुलींनी फळ्याभोवती सोनेरी चमकी चिकटवून नक्षी काढली होती आणि त्यातली निम्मी चमकी आता जमिनीवर होती. मी मन लावून झाडलं. कोपरे झाडले, बाकांच्या पायांखालून झाडलं. दाराशी पायपुसणं होतं, ते उलटं करून आपटलं आणि खाली पडलेली धूळही भरून घेतली. मग सगळा केर कागदावर घेऊन चारही कडा दुमडल्या आणि पुडी खिडकीत ठेवली.

"हे काय आहे?" मिसनी विचारलं.

"केर, मिस."

"डस्टबिन तिकडे आहे."

"हो मिस." मी जागचा हललो नाही. "पण केर टाकायचा नसतो."

मग माझ्या शेजारच्या बाकावरच्या अर्कोला हसू आवरेना. "मिस, तो बर्गी आहे ना! लुटीचा माल सोडत नाहीत ते लोक."

बंगालमध्ये जुन्या काळी स्वाऱ्या घेऊन आलेल्या मराठ्यांना बर्गी म्हणत. आमच्या शहराच्या उत्तरेला, बागबाजारकडे, त्यांना अडवायला खंदक खणला होता. मी पहिल्यांदा वर्गात नाव सांगितलं, तेव्हाच अर्को म्हणाला होता, "खंदक अपुरा पडला वाटतं." मुलगा वाईट नव्हता. डब्यातली अंडी मला द्यायचा.

मिस हसल्या नाहीत. त्यांनी पुडी उचलून बघितली. "का टाकायचा नसतो?"

कुणी आपल्याला विचारलं, की जेवायच्या आधी हात का धुतोस, तर पटकन काय सांगणार? मी म्हटलं, "त्यात सोनं असतं, मिस." आणि ज्या क्षणी हे बोललो त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की मी शाळेत आहे आणि त्यात फक्त चमकी आहे.

इथे जरा थांबून माझी ओळख करून देतो. आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिकांकाच्या या पानावर दरवर्षी डॉक्टर, इंजिनियर, बँकेतले साहेब आपापल्या कामातला एखादा अनुभव लिहितात. यंदा संपादक काकांनी मला लिहायला सांगितलं. मी म्हटलं, काका, मला अजून नोकरी नाही. ते म्हणाले, नोकरी असलेल्यांचे लेख वेळेवर येत नाहीत. म्हणून मी लिहितो आहे. मी कॉलेजात समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणी चूक दाखवेल अशी भीती घरात नाही. ती या अंकाच्या वाचकांची आहे.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, खानापूर तालुक्यातले. आमच्याकडचे लोक गलाईच्या धंद्यात देशभर पसरले आहेत. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. दागिने घडवणारे कारागीर मोडीचं सोनं, घासताना पडलेला चुरा आणि कारखान्याच्या जमिनीवरचा केर आमच्याकडे आणतात. केर जाळायचा, राख धुवायची, उरलेलं मुशीत घालून भट्टीवर वितळवायचं. मूस म्हणजे आच सोसणारं मातीचं भांडं. त्यातून जी छोटी सोन्याची लगड निघते ती कारागिराच्या हातावर ठेवायची. पप्पांचं दुकान बऊबाजारच्या एका गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक भट्टी, एक टेबल, एक काटा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. वर माळ्यावर पूर्वी पप्पा राहायचे. आता आम्ही सियालदहजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो.

अशा दुकानात काहीच टाकत नाहीत. हात धुतलेलं पाणी टबात साठवतात. फाटलेलं पायपुसणं जाळून त्याची राख ठेवतात. मी चालायला लागल्यापासून हे बघत आलो. केर आणि कचरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं.

समाजशास्त्र मात्र मी अकरावीत चुकून घेतलं. मला भूगोल हवा होता. भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. ऑफिसातल्या क्लार्कना विचारलं तर म्हणाले, "सोशिऑलॉजी घे. सोपा आहे, सगळे पास होतात." मला वाटलं, सोशल वर्कसारखं काहीतरी असणार. म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडून द्यायचा वगैरे. पहिला महिनाभर मी त्या तयारीत होतो.

पप्पांना कॉमर्स हवं होतं. निदान दुकानाचा हिशोब तरी बघता येईल. विषयाचं नाव ऐकून त्यांनी विचारलं, "त्यात पास झाल्यावर माणूस काय करतो?"

मी म्हटलं, "समाजाचा अभ्यास करतो."

"आन मग?"

मग काय ते मला माहीत नव्हतं. त्यानंतर कितीतरी वेळा त्यांनी हाच प्रश्न विचारला आणि मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलं. एकदा 'सर्वे करतो' म्हणालो, एकदा 'सरकारला सल्ला देतो' म्हणालो. पप्पा म्हणाले, "सरकार तुझ्यासाठी थांबलंय व्हय?"

हा प्रश्न साधा नव्हता, कारण त्याच्यामागे संपतमामा उभे होते. मामा कोइंबतूरला असतात. त्यांचा धंदा मोठा आहे, हाताखाली माणसं आहेत. ते दुसरं दुकान काढणार होते आणि तिथे त्यांना घरचा माणूस हवा होता. आमच्याकडे पोरं या वयात परगावच्या दुकानात शिकायला जातात. पप्पाही तसेच आले. त्यामुळे मामांचं बोलावणं हे आमच्याकडे नशीब समजतात. मामा फोनवर म्हणत, "काय भाचेबुवा, अजून शाळंतच का?" पप्पा म्हणत, "अकरावीची परीक्षा होऊ दे, मग बघू." ते 'बघू' माझ्या डोक्यावर लटकत होतं. मला जायचं नव्हतं. का नाही, ते मला नीट सांगता येत नव्हतं. मला फक्त वर्गात बसायला आवडत होतं. हे कारण पप्पांना सांगण्यासारखं नव्हतं.

तर केराची पुडी हातात घेऊन सुलग्ना मिस टेबलाशी गेल्या आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. (मिस बंगाली, हिंदी आणि इंग्रजी एकत्र बोलत. मी इथे सगळं मराठीत लिहितो आहे.)

"याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"कंजूषपणा," अर्को म्हणाला.

"सोशलायझेशन," मिस म्हणाल्या. "आपण ज्या माणसांत वाढतो, त्यांच्या रीती न सांगता आपल्यात उतरतात. आपल्याला कळतही नाही. धडा तीन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू प्रोजेक्टसाठी काय घेतलं आहेस?"

"सोशल मीडियाचे फायदे आणि तोटे, मिस."

"ते अर्ध्या वर्गाने घेतलं आहे. तू तुमचं दुकान घे. पार्टिसिपंट ऑब्झर्वेशन कर."

पार्टिसिपंट ऑब्झर्वेशन म्हणजे ज्या माणसांचा अभ्यास करायचा त्यांच्यात राहून, त्यांच्यासारखं काम करत निरीक्षण करायचं. मिसनी एक वाक्य जोडलं: "ओळखीच्या गोष्टी अनोळखी माणसाच्या नजरेने बघ." मला ते वाक्य फार आवडलं. आवडलं म्हणूनच मी ते वाईट वापरलं.

अनोळखी माणसाच्या नजरेने बघायचं, म्हणून मी अनोळखी माणसासारखा तयार झालो. इस्त्रीचा शर्ट घातला. गळ्यात शाळेचं आयडी कार्ड अडकवलं. सियालदहच्या फूटपाथवरून एक क्लिपबोर्ड घेतला. शनिवारी दुपारी दुकानात गेलो आणि भट्टीसमोरच्या कोपऱ्यात सरळ बसून लिहायला लागलो. पप्पांनी एकदा बघितलं. त्यांना वाटलं, अभ्यास आहे.

थोड्या वेळाने निमाईदा आले. निमाईदा हे आमचे जुने कारागीर गिऱ्हाईक, मेदिनीपूरकडचे. आले की स्टुलावर बसतात, बिडी कानावर ठेवतात आणि पप्पांशी हिंदीत भांडतात. त्या दिवशी ते दारात आले, मला बघितलं, क्लिपबोर्ड बघितला, गळ्यातलं कार्ड बघितलं. मी नम्रपणे विचारलं, "आपण या व्यवसायात किती वर्षं आहात?"

निमाईदा म्हणाले, "चुकीच्या दुकानात आलो." आणि गेले.

त्यांनी मला लहानपणापासून बघितलंय. पण इस्त्रीच्या शर्टात कधी बघितलं नव्हतं. मी त्यांच्यामागे गल्लीत धावलो. "निमाईदा, मी सुरज!" असं ओरडलो. त्यामुळे ते जास्तच जोरात चालायला लागले, आणि गल्लीतल्या आणखी एका माणसाने घाईघाईने शटर अर्धं ओढलं.

परत आलो तर पप्पा काटा पुसत होते.

"तुझ्या शास्त्रापायी गिऱ्हाईक गेलं," ते म्हणाले. "हितं बसायचं आसंल तर काम करायचं. न्हाईतर घरी जाऊन बस."

सोमवारी मी मिसना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी तुला जे सांगितलं तेच पार्टिसिपंट ऑब्झर्वेशन."

मी क्लिपबोर्ड घरी ठेवला. शनिवार-रविवारी दुकानात राख चाळायला लागलो, टब भरायला लागलो. निमाईदा पुढच्या रविवारी आले. मला जुन्या बनियनवर बघून खूश झाले. "त्या दिवशी इन्कम टॅक्सवाला आला होता तुमच्याकडे," त्यांनी मला सांगितलं. "तुझ्यासारखाच दिसत होता. जरा बावळट."

हाताने काम सुरू झाल्यावर प्रश्न विचारायचे राहून गेले. त्याचं मला वाईट वाटायचं, कारण मी प्रश्नावली छान बनवली होती. एकदा पप्पांना एक प्रश्न विचारूनही बघितला. "पप्पा, या धंद्यातले न लिहिलेले नियम कोणते?"

"नियम-बियम न्हाईत. चुकलं की मी वरडतो."

हे मी मिसना निराशेने सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओरडणं म्हणजेच नियम आहे याचा पुरावा. ते कधी ओरडतात, ते बघ."

मग मी ते बघायला लागलो. पप्पा फारसे ओरडत नाहीत. पण गिऱ्हाइकाचं सोनं मुशीत असताना मी एकदा डोकं खाजवलं, तेव्हा ओरडले. एकदा त्यांच्या आणि स्टुलाच्या मधून गेलो, तेव्हा ओरडले. एकदा गरम होतं म्हणून दार लोटलं, तेव्हा तर फारच. हळूहळू माझ्या ध्यानात आलं. निमाईदा स्टुलावर बसून नुसती सोनं वितळायची वाट बघत नसतात. ते मुशीकडे आणि पप्पांच्या हातांकडे बघत असतात. आणि पप्पा त्यांना ते हात सतत दिसतील असे वागत असतात. हात केसांत जाणार नाही, पाठीमागे जाणार नाही. दार उघडं. भट्टीवर दुसऱ्याचं सोनं असताना पप्पा फोनही घेत नाहीत. वाजून वाजून बंद होऊ देतात. मामांचा असला तरी. वर्षानुवर्षं भांडणारी ही दोन माणसं एकमेकांना 'माझा तुमच्यावर विश्वास आहे' असं एकदाही म्हणत नाहीत. स्टूल बरोबर त्या जागी ठेवलेलं असतं, एवढंच.

आणि शर्ट. पप्पांच्या कुठल्याच शर्टाला खिसा नसतो. चष्मा, फोन, किल्ल्या, सगळं कापडी पिशवीत. हे मी आयुष्यभर बघितलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

ते विचारलं आईला. जानेवारीतली गोष्ट. शाळेतून आलो तर आई खिडकीशी बसून एका नव्या शर्टाचा खिसा उसवत होती. बाजूला आणखी दोन नवे शर्ट होते.

मी माझ्या शास्त्रीय सुरात विचारलं, "आई, घरातले निर्णय कोण घेतं?"

"तुझे पप्पा."

"आणि ते कसं ठरवतात?"

"मी सांगते तसं." तिने दाताने दोरा तोडला.

"पप्पांच्या शर्टाला खिसा का नसतो?"

"नसतो."

"पण का?"

तिने जरा विचार केला. "लग्न झाल्यावर तुझ्या आजीनं सांगितलं, शर्ट आणला की आदी खिसा उसवायचा. भट्टीवरच्या माणसाला खिसा नको. उगं कुणाच्या मनात काय यायला नको." मग एकदम हसली. "तू बालवाडीत होतास तवा तुझाबी उसवला होता मी. सवयीनं. शाळेचा बिल्ला खिशावर हुता, मग तो नुस्ता छातीवर शिवला."

मला ते आठवलं. बिल्ला टोचायचा आणि मी पेन्सिल मोज्यात ठेवायचो. वर्गात मुलं मला मोजेवाला म्हणत. इतकी वर्षं मला वाटत होतं, आमच्या टेलरची चूक आहे.

मी भराभर मनात टिपणं करत होतो. शर्ट, खिसा, आजी, पिढ्यांमधून आलेला नॉर्म. नॉर्म म्हणजे न लिहिलेला, पण सगळ्यांनी पाळायचा नियम. मी खूश झालो. मग आईच्या मांडीवरच्या शर्टाकडे नीट बघितलं. पप्पांना तो खांद्यात घट्ट झाला असता.

"हा कुणाचा आहे?"

आईने वर बघितलं नाही. "तुझा. मामा यायचाय पुढच्या महिन्यात. कोइंबतूरला उन्हाळा लई असतो, म्हणून सुती आणले."

इतके दिवस ओळखीच्या गोष्टी अनोळखी नजरेने बघत होतो, आणि आपलं जाणं शिवणाच्या टोपलीत पडलेलं आहे हे मला प्रश्नावलीतून कळलं. मी आईला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला काय वाटायचंय? तिकडं भात-सांबार खाऊन तुझं पोट बिघडणार." आणि पुढचा शर्ट घेतला.

मामा आले. अंगठ्या, सेंट, आणि सगळ्यांसाठी केळ्याचे वेफर्स. त्याच आठवड्यात शाळेत प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं. मिसनी पालकांना बोलावलं होतं. मला वाटलं, पप्पा दुकान सोडून येणार नाहीत. पण मामा म्हणाले, "चला की दाजी, बघू तरी पोरगं काय शिकलं." ते आले. आईला मी बोलावलं होतं, ती म्हणाली, "इंग्रजीत बोलशील, मी तिथं काय करू?"

मी खरोखर इंग्रजीतच तयारी केली होती. पाठ केलं होतं. मी तीन चार्ट लावले, मागे बघितलं तर शेवटच्या बाकावर पप्पा मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पहिलं वाक्य बोललो. दुसरं वाक्य विसरलो. पहिलं पुन्हा बोललो.

मिस म्हणाल्या, "हिंदीत बोल. ज्यांच्याबद्दल बोलतो आहेस त्यांना कळू दे."

हिंदीत पाठ केलेलं काहीच नव्हतं, म्हणून मी साधं बोललो. केराबद्दल सांगितलं. निमाईदांचं नाव न घेता इन्कम टॅक्सचा किस्सा सांगितला. वर्ग हसला, म्हणून मला जोर आला. मग मी म्हणालो, "आमच्या धंद्यातला पहिला नॉर्म. भट्टीवर बसणाऱ्याच्या शर्टाला खिसा नसतो. उदाहरणार्थ, माझे वडील." आणि हाताने दाखवलं.

सगळा वर्ग, सगळे पालक मागे वळले आणि पप्पांच्या छातीकडे बघायला लागले. पप्पांनी पिशवी वर उचलून धरली.

अर्कोने हात वर केला. "मग त्या शेजारच्या काकांना खिसा कसा आहे?"

मामांच्या खिशात फोन, पेन आणि गॉगल होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. मला तिथे थांबता आलं असतं. पण कुणी शास्त्रीय प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मी म्हटलं, "ते माझे मामा. ते आता स्वतः भट्टीवर बसत नाहीत, माणसं बसवतात. त्यामुळे त्यांचा खिसा परत आला. याला सोशल मोबिलिटी म्हणतात."

पालकांत हशा पिकला. मामाही हसले, पण जरा उशिरा.

मग मी शेवटच्या मुद्द्यावर आलो. "दुसऱ्याचं सोनं मुशीत असताना गलाईवाला फोन घेत नाही," मी म्हणालो. "कितीही महत्त्वाचा असला तरी. त्याचं लक्ष, त्याचे हात, सगळं समोरच्याला दिसलं पाहिजे."

आणि फोन वाजला. पप्पांच्या पिशवीत. मोठ्या आवाजात आरती. वर्ग शांत होता, त्यामुळे टाळ-झांजा स्पष्ट ऐकू येत होत्या. पप्पा हलले नाहीत. दोन्ही हात बाकावर, नजर माझ्यावर. आरती एक कडवं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मला फार लाज वाटली. मी बोलणं थांबवलं आणि सौजन्याने म्हणालो, "पप्पा, घ्या ना फोन. चालेल."

सुलग्ना मिसनी कपाळाला हात लावला. तो का लावला, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, शाळेत फोन वाजला म्हणून. पप्पांनी फोन घेतलाच नाही. आरती आपोआप थांबली. मी 'थँक यू' म्हणून चार्ट गुंडाळले, त्यातला एक उलटा.

बाहेर पडल्यावर पप्पांनी पिशवीतून फोन काढला, निमाईदांना उलट फोन करून "अर्ध्या घंट्यात आलो" म्हणून सांगितलं. मग आम्ही तिघं बऊबाजारकडे चालायला लागलो. दुकानं, हातगाड्या, हॉर्न. मामा मधे, मी एक पाऊल मागे. मी मनात निकाल लावत होतो: इंग्रजी विसरलो, मामांचं हसं केलं, पप्पांना सगळ्या वर्गासमोर उभं केल्यासारखं केलं. कोइंबतूरला समुद्र आहे का, याचाही विचार करून झाला. नाही.

"मग दाजी," मामा म्हणाले, "रविवारचं तिकीट काढू का दोघांचं? परीक्षा काय, देईल येऊन."

पप्पांनी एका हातगाडीला वाट दिली. मग म्हणाले, "तुझं एकट्याचं काढ."

"का वं?"

"ह्याला दुकानात घेऊन चालायचं न्हाई."

"आता काय झालं?"

"आरं, ऐकलंस न्हवं?" पप्पांचा आवाज चढला. "गिऱ्हाईक कुठं बसतं, आपण फोन का घेत न्हाई, खिसा कुणाला हाय, कुणाला न्हाई. भर सभेत! तुझासुद्धा काढला की. ह्या धंद्यात माणूस मुका पायजे. हे पोरगं एक गोष्ट बघतंय आन गावाला सांगत सुटतंय. उद्या कोइंबतूरला तुझ्या गिऱ्हाइकांफुडं चार्ट लावंल."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते पटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ते बी खरंच," ते म्हणाले, आणि वर्गापासून खिशावरच राहिलेला हात नकळत काढला. "मग ह्याचं करायचं काय?"

"शिकू दे आता," पप्पा म्हणाले. "तिथं असल्या बोलण्यालाच मार्कं देत्यात."

अशा रीतीने मी गलाईच्या धंद्यात, तो सुरू करायच्या आधीच, नापास झालो. पप्पा खरंच तसं समजत होते, की मामांना नाही म्हणायला त्यांना तेवढंच सोयीचं कारण मिळालं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. विचारून उपयोग नाही. माझ्या प्रश्नावल्यांचा अनुभव मी सांगितलाच.

प्रोजेक्ट तपासून परत मिळालं. वीसपैकी चौदा. अर्कोला सोशल मीडियाच्या फायद्या-तोट्यांवर सतरा मिळाले. शेवटच्या पानावर मिसनी लिहिलं होतं: 'फोन वाजला तेव्हा तुझा नॉर्म तुझ्यासमोर बसून पाळला जात होता. तू त्याला फोन घ्यायला सांगितलंस.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पप्पांचे बाकावर ठेवलेले दोन्ही हात आणि माझ्यावरची त्यांची नजर आठवली, आणि त्या दिवशी मुशीत काय होतं ते मला कळलं. तोवर घंटा झाली होती आणि पुढचा तास इतिहासाचा होता.

आता कॉलेजात आम्हाला फील्डवर्कला पाठवतात. मेथड्सच्या पेपरात पानंच्या पानं नियम आहेत. मी त्यांत माझा एक घातला आहे: समोरचा माणूस फोन घेत नसेल, तर त्याला घ्या म्हणायचं नाही. गप्प बसायचं आणि का घेत नाही ते बघायचं. क्लिपबोर्ड अजूनही नेत नाही. 'त्यात पास झाल्यावर माणूस काय करतो' हा प्रश्न पप्पा आता विचारत नाहीत. दुकानात कुणी विचारलं तर स्वतःच उत्तर देतात: "चहाड्या करतो. पण कॉलेजात."

त्या तीन शर्टांचं राहिलं. मामा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई पुन्हा खिडकीशी बसली होती. खिशांची उसवलेली कापडं तिने एका पुडीत जपून ठेवली होती. आमच्या घरात काही टाकत नाहीत. ती खिसे परत शिवत होती. एक जरा तिरका बसला आहे. तोच शर्ट मी कॉलेजात जास्त घालतो, पेन त्यातून पडतं तरी.